केलं की झालं?

प्रश्न : ताई, मी सहा वर्षं बॅकएंडवर काम करतो आहे. गेल्या चार महिन्यांत तीन कंपन्यांत कोडिंग आणि सिस्टिम डिझाइनच्या फेऱ्या पार केल्या, आणि तिन्हीकडे शेवटच्या 'बिहेवियरल' फेरीत, म्हणजे तुम्ही आजवर कसं वागलात ते विचारतात त्या फेरीत, गळलो. 'सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलंत?' हा प्रश्न तिन्ही ठिकाणी आला. माझं उत्तर जसंच्या तसं लिहून पाठवतो. यात चुकतंय काय?

'आमच्या टीममध्ये एकदा डेटाबेसच्या एका बदलावरून मतभेद झाले. मग चर्चा झाली. सगळ्यांची मतं ऐकून घेण्यात आली आणि योग्य तोडगा निघाला. बदल वेळेत प्रॉडक्शनवर गेला. संवादाने प्रश्न सुटतात, हे त्यातून शिकायला मिळालं.'

उत्तर : तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुम्ही मला त्यात सापडला नाहीत. मतभेद झाले, चर्चा झाली, मतं ऐकून घेण्यात आली, तोडगा निघाला, बदल गेला. सगळं आपोआप. आपली मराठी या बाबतीत फार सोयीची आहे. कप फुटतो, दूध उतू जातं, डेटा उडतो. कुणी काही केलेलं नसतंच. मुलाखत इंग्रजीत असली तरी ही सवय सुटत नाही, 'इट वॉज डिसायडेड' म्हणून आपण मोकळे होतो.

टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते. मी अठरा वर्षं मुलाखती घेते आहे. उमेदवार उठून गेला की मला एक फॉर्म भरायचा असतो. प्रत्येक निकषासमोर पुरावा लिहायचा : याने नेमकं काय केलं, आणि ते आपल्याला कशावरून कळलं. 'चांगला वाटला' एवढंच लिहिलं, तर नंतरच्या बैठकीत कुणी तरी विचारतंच, 'चांगला म्हणजे?' तुमच्या उत्तरानंतर माझ्या वहीत तीन शब्द उरले असते : डेटाबेस, मतभेद, मिटला. एवढ्या भांडवलावर मी तुमच्या बाजूने भांडू कशी?

म्हणून तुम्हाला उलट पाच-सहा प्रश्न पाठवले होते. त्यांना तुम्ही जी उत्तरं दिलीत ती वाचून मला अक्षरशः कपाळावर हात मारावासा वाटला, कारण उत्तम गोष्ट तुमच्याजवळ होती आणि तुम्ही ती माळ्यावर टाकून दिली होती. तुमच्याच तपशिलांची ही नवी मांडणी. (इतर वाचकांसाठी : पोस्टग्रेस हा एक डेटाबेस, इंडेक्स म्हणजे ओळी लवकर सापडाव्यात म्हणून केलेली सूची, स्टेजिंग म्हणजे चाचणीची प्रत, प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती खरी यंत्रणा, मायग्रेशन म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट, आणि ट्रान्झॅक्शन म्हणजे एक तर सगळे होतील नाही तर एकही नाही असे एकत्र बांधलेले बदल.)

'आमच्या ऑर्डर्सच्या टेबलवर नवा इंडेक्स हवा होता. पोस्टग्रेस होतं, साधारण चार कोटी ओळी. माझ्या सीनिअरने डिप्लॉयमेंटबरोबर साधा क्रिएट इंडेक्स चालवायचं ठरवलं होतं. स्टेजिंगवर त्याला काही सेकंद लागले होते, पण स्टेजिंगवर दोनच लाख ओळी होत्या. इंडेक्स बनेपर्यंत टेबलवर लिहिणं थांबणार, म्हणजे नवी ऑर्डर घेता येणार नाही, अशी मला भीती होती. मी रिव्ह्यूमध्ये सगळ्यांसमोर लिहिलं, "हे चालणार नाही." तो चिडला. तू प्रत्येक गोष्ट अडवतोस, म्हणाला. तेव्हा वाद घालायचं सोडून मी बॅकअपवरून एका वेगळ्या मशीनवर पूर्ण टेबल उभं केलं आणि वेळ मोजली : नऊ मिनिटं. तो आकडा चॅनेलवर टाकला नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तेव्हा कळलं की त्याने रिपोर्टिंगवाल्यांना गुरुवारचा शब्द दिला होता, म्हणून तो घाईत होता. मी सुचवलं की इंडेक्स कॉन्करंटली बनवू. त्याला वेळ जास्त लागतो पण लिहिणं थांबत नाही. तो ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, म्हणून मायग्रेशनमधून बाहेर काढून बुधवारी रात्री मी तो वेगळा चालवला. चाळीस मिनिटं लागली, एकही ऑर्डर अडली नाही, गुरुवार पाळला गेला. एक गोष्ट आज वेगळी करेन : ती पहिली कॉमेंट. आकडा हातात नसताना चारचौघांत "चालणार नाही" म्हणायला नको होतं.'

हे मोठ्याने वाचून पाहा. दोन मिनिटांच्या आतबाहेर होतं.

आता माझी वही भरते. 'स्टेजिंगवर दोन लाख, प्रॉडक्शनवर चार कोटी' : हा माणूस डोळे उघडे ठेवून काम करतो. 'वेळ मोजली' : तोंडाची वाफ दवडत बसला नाही. 'शेजारी जाऊन बसलो' : समोरच्याची चूक चव्हाट्यावर मांडली नाही. पण मी सगळ्यात जाड रेघ मारली असती ती गुरुवारच्या शब्दाखाली. मतभेदाच्या गोष्टीत शंभरातले नव्वद उमेदवार समोरच्याला खलनायक करतात नाही तर मूर्ख ठरवतात. (शंभर-नव्वद हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे.) तुमचा तो सीनिअर त्या खोलीत बसलेला असता आणि तुमचं बोलणं ऐकून 'हो, असंच होतं' म्हणाला असता, तर उत्तर जमलं असं समजा.

स्टारची चौकट तुम्ही वापरता असं पत्रात लिहिलं आहे : प्रसंग, जबाबदारी, कृती, परिणाम. चौकट चांगलीच आहे. अडचण अशी की लोक पहिल्या खणातच मुक्काम ठोकतात. कंपनीचा इतिहास, टीमची रचना, आर्किटेक्चरचे सात डबे, आणि तेवढ्यात वेळ संपते. प्रसंग दोन-तीन वाक्यांत आटपा. ऐकणाऱ्याला काही कळलं नाही तर तो विचारेल, त्याला तोंड आहे. वेळ कृतीवर खर्च करा, आणि त्यातही ज्या क्षणी दोन वाटा समोर होत्या आणि तुम्ही एक निवडली त्या क्षणावर.

आणि 'मी' म्हणायला लाजू नका. आपल्याला लहानपणापासून मीपणा वाईट म्हणून शिकवलेलं असतं, त्यामुळे स्वतः रात्रभर जागून केलेलं कामही आपण 'आम्ही केलं' म्हणून सांगतो. मुलाखत घेणाऱ्याला हा विनय वाटत नाही. त्याला वाटतं, काम दुसऱ्याने केलं आणि हा मागे उभा होता. जे टीमने केलं ते 'आम्ही', जे तुम्ही केलं ते 'मी'. एकाच उत्तरात दोन्ही यायला हरकत नाही, उलट तसं आलं की मला दोन्हींवर विश्वास बसतो.

प्रश्न : मला कोड लिहायचा आहे, कीर्तन करायचं नाही. गोष्टीवेल्हाळ माणसं या फेरीत तरून जातात आणि माझ्यासारखी मुकाट काम करणारी बुडतात. हा प्रकार सुरू कुणी केला, आणि त्याला काही आधार आहे का?

उत्तर : राग कळतो. अर्धा पटतोही.

मूळ बरंच जुनं आहे, आणि ते सॉफ्टवेअरमधलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्यापुढे प्रश्न होता की वैमानिकाच्या कामात नेमकं काय चांगलं आणि काय वाईट, हे ठरवायचं कसं. 'चांगला वैमानिक कसा असतो?' असं विचारलं की मोघम विशेषणं हाती लागतात. म्हणून प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करायचे : तेव्हा काय झालं, कुणी काय केलं, त्याचा परिणाम काय. १९५४ मध्ये त्यांनी ही पद्धत 'क्रिटिकल इन्सिडेंट टेक्निक' या नावाने सविस्तर मांडली. १९७० च्या दशकात तीच दिशा धरून नोकरीच्या मुलाखतीत 'तुम्ही काय कराल?' ऐवजी 'तुम्ही काय केलंत?' विचारायला सुरुवात झाली, आणि १९८२ मध्ये टॉम जॅन्झ यांनी अशा मुलाखतींची नेहमीच्या गप्पावजा मुलाखतींशी तुलना केली. त्यात प्रसंग विचारणारी मुलाखत सरस ठरली.

आकडेही आहेत. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. मुलाखतीतले गुण आणि पुढे नोकरीतली कामगिरी यांचा संबंध आखीव मुलाखतीत ०.५१ आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीत ०.३८ निघाला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते हिशेब पुन्हा तपासले. आखीव मुलाखतीचा आकडा ०.४२ वर उतरला, तरी त्यांनी तपासलेल्या सगळ्या पद्धतींमध्ये ती पहिल्या नंबरवर राहिली.

पण 'आखीव' या शब्दावर बोट ठेवा. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, गुण द्यायची पट्टी आधी ठरलेली, नोंदी लिहिलेल्या. यातलं काही न करता कुणी आयत्या वेळी 'जरा एखादा कठीण प्रसंग सांगा' म्हणत असेल आणि स्वतःला आवडला की पास करत असेल, तर तुमचा राग शंभर टक्के रास्त आहे. तिथे बोलघेवडाच जिंकतो. अशा मुलाखती होतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात तशाच घेतल्या आहेत, आणि आज त्यांची लाज वाटते.

जिथे पट्टी असते तिथे मात्र मुकाट माणसाचं नुकसान होत नाही, कारण गुण रंगवण्याला नसून मजकुराला असतात. काही कंपन्या ती पट्टी उघड सांगतात. अमेझॉनची सोळा 'लीडरशिप प्रिन्सिपल्स' त्यांच्या संकेतस्थळावर आहेत (२०२१ पर्यंत चौदा होती), आणि त्यांच्या मुलाखतीतले प्रश्न त्यांनाच धरून येतात. प्रश्नपत्रिका आधी मिळाल्यासारखंच झालं की. आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत पूर्वी या प्रश्नांऐवजी काय विचारायचे तेही आठवा : विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील? तेव्हा गूगलमध्ये माणसांचं खातं सांभाळणारे लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीर सांगितलं की असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. चेंडू मोजण्यापेक्षा तुमचा इंडेक्स बरा, नाही का? (इंडेक्स वरच्या पत्रातल्या भावाचा, पण तुमच्याकडेही एखादा असेलच.)

प्रश्न : मी शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीचा अनुभव शून्य. 'नेतृत्व दाखवलंत असा प्रसंग सांगा' म्हटलं की माझी वाचाच बसते. काय सांगू?

उत्तर : तुझ्या पत्रात तिसऱ्या ओळीत तू सहज लिहून गेलीस की प्रोजेक्टच्या चौघांपैकी एकाने महिनाभर काही पाठवलंच नाही, 'मग त्याचं मॉड्यूल मीच केलं'. तिथेच थांब. त्याला विचारलं होतंस का? काय म्हणाला? बाकीच्या दोघांना कधी सांगितलंस? मॉड्यूल स्वतः करायचं की कापून टाकायचं, हे कसं ठरवलंस? सगळं स्वतः ओढलं असशील तर तेही सांग, आणि आज काय वेगळं करशील ते सांग. नेतृत्व म्हणजे टीम लीडचं पद नव्हे. कुणी सांगितलं नसताना तू एखादी गोष्ट अंगावर घेतलीस, एवढं पुरे. फक्त कॉलेजच्या प्रोजेक्टला 'एंटरप्राइझ प्लॅटफॉर्म' म्हणू नकोस. आम्हाला हसू आवरत नाही.

प्रश्न : एआयकडून नेहमीच्या वीस प्रश्नांची उत्तरं लिहून घेतली आहेत. भाषा झकास आहे. पाठ करू का?

उत्तर : नका करू. त्या उत्तरांत 'लेटन्सी चाळीस टक्क्यांनी कमी केली' असं कुठे तरी असणारच. (लेटन्सी म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ.) मी विचारणार, कुठली लेटन्सी? सरासरी की पी नाइन्टी-नाइन, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या ज्याच्या आत उरकतात ती वेळ? मोजली कशी? आधी किती होती? तिसऱ्या प्रश्नाला तुमची पाटी कोरी झाली की आधीची खरी उत्तरंही मला खोटी वाटू लागतात. त्यापेक्षा उलटं करा : तुमची खरी गोष्ट एआयला सांगा आणि उलटतपासणी घ्यायला लावा. स्वतःजवळ एक कागद ठेवा, त्यावर सात-आठ प्रसंग, प्रत्येकाचे चार-पाच शब्द. 'इंडेक्स, नऊ मिनिटं, गुरुवार' एवढंच. वाक्यं पाठ केलीत की एक शब्द विसरताच गाडी रुळावरून घसरते. प्रसंग आठवत असेल तर वाक्यं आपोआप येतात. आणि एकच प्रसंग मतभेदालाही चालतो, घाईच्या मुदतीलाही, अपुऱ्या माहितीत घेतलेल्या निर्णयालाही. वीस उत्तरं लागतच नाहीत.

प्रश्न : 'तुमचं एखादं अपयश सांगा' या प्रश्नाची मला धास्ती आहे. खरं सांगितलं तर कोण नोकरी देईल? मैत्रीण म्हणते, 'मी फार परफेक्शनिस्ट आहे, त्यामुळे उशीर होतो' असं सांगून मोकळी हो.

उत्तर : मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. ते उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढचं वाक्य मीच पूर्ण करू शकते.

निवड मात्र जपून करा. गुप्ततेचा भंग, कुणाला फसवलेलं, एकच चूक तीनदा केलेली, असले प्रसंग घरीच ठेवा. जुन्या कंपनीची आतली माहिती, ग्राहकांची नावं सांगू नका. 'एका मोठ्या ग्राहकाचा डेटा' म्हटलं तरी भागतं. आणि ज्यात दोष दुसऱ्याचा निघतो ते तुमचं अपयशच नव्हे. टेस्टिंगवाल्यांनी पकडलं नाही, ही तुमच्या अपयशाची गोष्ट कशी होईल?

माझीच सांगते, दोनदा सांगितलेली.

मी एक सर्व्हिस, म्हणजे एक ठरावीक काम सांभाळणारा प्रोग्राम, लिहिली होती, ती किमती देणाऱ्या दुसऱ्या सर्व्हिसला हाक मारायची. उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा, असे एकूण तीन प्रयत्न. याला रिट्राय म्हणतात. आपण काळजीपूर्वक काम केलं अशी माझी समजूत होती. माझ्या सर्व्हिसला हाक मारणाऱ्या वरच्या थरातही कुणी तरी अशीच काळजी घेतली होती : तिथेही तीन प्रयत्न. एका रात्री किमतींची सर्व्हिस जरा मंदावली. पडली नव्हती, नुसती मंदावली होती. आम्ही तिच्यावर एका विनंतीच्या नऊ केल्या आणि तिला झोपवली. पाऊण तास सगळं बंद.

वर्षभराने एका मुलाखतीत मी ती सांगितली ती अशी : 'लोड वाढला आणि सर्व्हिस डाउन झाली. मग रिट्रायमध्ये बॅकऑफ टाकण्यात आला.' समोरच्या गृहस्थांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, 'ते रिट्राय लिहिले कुणी होते?' मी म्हटलं, 'टीमने.' ते 'हं' म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. त्या 'हं'चा अर्थ मला घरी पोचेपर्यंत नीट कळला होता. नकाराचं पत्र यायला आठवडा लागला.

काही महिन्यांनी दुसरीकडे तोच प्रश्न आला. छातीत धडधडत होतं, पण या वेळी सरळ सांगितलं : रिट्राय मी लिहिले. माझ्या वरच्या थरात काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं. त्या रात्री पहिली वीस मिनिटं मी खालच्या सर्व्हिसचे लॉग उपसत बसले, कारण चूक माझ्याकडे असेल असं मनातही आलं नाही. नंतर मी बॅकऑफ टाकला, म्हणजे दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी दुप्पट केलं, सगळे एकाच ठोक्याला धडकू नयेत म्हणून त्यात थोडा यादृच्छिक फरक घातला, आणि वरच्या थरातल्या माणसाला भेटून रिट्राय एकाच जागी राहतील असं ठरवून घेतलं. त्यानंतर दर रिव्ह्यूमध्ये मी एक प्रश्न विचारते : तुझ्या वर कोण रिट्राय करतंय?

मुलाखत घेणाऱ्या बाई ऐकता ऐकता हसायला लागल्या. मला वाटलं, संपलं.

'नऊच?' त्या म्हणाल्या. 'आमच्याकडे तीन थर होते. सत्तावीस.'

आणि पुढची दहा मिनिटं त्यांच्या सत्तावीसवरच गेली.